खालच्या काठाचे करकोचे

बोरतळे, ता. एरंडोल
१८ जानेवारी २०२४

चि. प्रज्ञा,
सप्रेम जयभीम.

तू फोन करतेस, आमची सूनबाई दिपमाला माझ्या वतीनं हो-हो म्हणते आणि सगळं संपल्यावर मला दोन वाक्यांत सांगते. असलं बोलणं मला मान्य नाही. चाळीस वर्षं सभांचे भोंगे कानाशी वाजले, त्यांनी कान नेले. हात शाबूत आहे. म्हणून पत्र.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी धुकं दाट होतं. तळ्यावर उतरणारे तीन करकोचे विजेच्या तारेवर आपटले आणि खालच्या काठाला मरून पडले. नऊच्या सुमारास पाटलांचा नातू योगराज माझ्या ओट्याशी आला. आता तो ग्रामपंचायतीचा सदस्य आहे. उभ्यानंच ओरडून म्हणाला, "नाना, खालना काठवर तीन पाखरं मरेल शेतस. तुमना आळीमधला दोन जन धाडी द्या."

तुमच्या आळीतले दोन जण. बघ, पोरगा मोटरसायकलवरून येतो, हातात दोन-दोन फोन असतात, पण मेलेलं दिसलं की त्याच्या पायांना आमच्या आळीचा रस्ता आपोआप सापडतो. मी खुर्चीतून उठलो. आवाज जुनाच लावला. म्हटलं, "योगराज, तुझ्या आजोबांनी हाक मारली की धम्म घेण्याआधी माझा बाप धावत जायचा. मी त्याचा मुलगा आहे, पण त्याचा धाक माझ्यात उतरलेला नाही. तळं ग्रामपंचायतीचं, आणि पंचायतीत सदस्य तू आहेस. तूच उचल."

आळीतली सगळी माणसं दारात आली होती. योगराज आल्या पावली परत गेला. पाखरं दोन दिवस तशीच पडली होती, कुत्र्यांनी ओढली. शेवटी पंचायतीनं जेसीबी बोलावून खड्डा केला. तीन पाखरांसाठी जेसीबी. मला त्या दिवशी जेवण गोड लागलं.

तू धुळ्याला दुर्बीण लावून पाखरं मोजतेस, म्हणून तुला मुद्दाम कळवलं. तुझे वडील, माझा भाऊ, गेल्यावर तुला शिकवलं, ते ह्याच ताठ मानेसाठी.

तुझा,
नाना


धुळे
२४ जानेवारी २०२४

ती. नानांस,
सविनय जयभीम.

पत्र दोनदा वाचलं. योगराजला तुम्ही दिलेलं उत्तर मी इथं माझ्या गाईड हेमलता मॅडमना वाचून दाखवलं. त्या हसल्या, मग म्हणाल्या, "तुझ्या नानांना आता खरं सांग." तेच सांगायला बसले आहे.

नाना, मी दुर्बिणीनं पाखरं मोजत नाही. मी मेलेली पाखरं चिरते.

लांबून येणाऱ्या पक्ष्यांच्या पोटात जे कृमी राहतात, ते माझ्या पीएच.डी.चा विषय आहेत. पक्षी मारायचा नाही, तो गुन्हा आहे. अपघातानं मेलेला मिळाला तर वनखात्याच्या परवानगीनं तो घ्यायचा, आतडं उघडायचं, कोमट मिठाच्या पाण्यात धुवायचं आणि कृमी वेगळे करून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. काही फितीसारखे असतात, काही दोऱ्यासारखे, काही झाडाच्या पानासारखे चपटे. पक्षी मेल्यावर थोड्याच तासांत तेही विरघळू लागतात, म्हणून पक्षी ताजाच लागतो. आतापर्यंत मला दोन बगळे आणि एक बदक मिळालं. हात बसावा म्हणून कोंबड्या चिरल्या चाळीस.

मला हवा होता करकोचा. मंगोलियाच्या माळावरून निघून हिमालय ओलांडून तो आपल्या तळ्यावर येतो. त्याच्या पोटातला कृमी तिकडून आलेला की आपल्याकडच्या चिखलात घेतलेला, हे कुणी नीट पाहिलेलं नाही. त्याच्यावाचून माझं शेवटचं प्रकरण कोरं आहे. तीन हिवाळे मी वाट पाहिली, आणि तीन करकोचे माझ्याच घरापासून हाकेच्या अंतरावर खड्ड्यात गेले.

चूक तुमची नाही. मी लपवलं. दर चौदा एप्रिलला तुम्ही सांगता की वना आजोबांनी धम्म घेतला त्या दिवशी मेली ढोरं सोलायची सुरी अंजनी नदीत भिरकावली. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवते. तुमच्या घरातल्या मुलीनं पुन्हा सुरी हातात घेतली आहे, हे त्या रांगेतून सांगायला तोंड उघडत नव्हतं.

तुमची,
प्रज्ञा


बोरतळे
३१ जानेवारी २०२४

प्रज्ञा,

ह्या आळीनं मेलेलं ओढणं सोडलं तेव्हा गावानं आमचं पाणी बंद केलं, दळण बंद केलं, मजुरी बंद केली. माझी माय दोन वर्षाच्या मला पाठीला बांधून तीन कोस चालत दुसऱ्या गावी खुरपायला जायची. उपाशी राहिले, पण पुन्हा हात लावला नाही. तुझ्या पुस्तकांची फी त्या उपासातून आली आहे.

आणि तू विद्यापीठात जाऊन मेलेल्याचं आतडं धुतेस. पांढरा डगला घातला की काम बदलतं, असं तुझ्या मॅडम म्हणत असतील. मी म्हणत नाही. जगात शास्त्रं काय कमी आहेत? ताऱ्यांचं आहे, दगडांचं आहे, आकड्यांचं आहे. आपल्या पोरीच्याच वाट्याला मेलेलं का आलं, एवढा प्रश्न तरी तू कुणाला विचारलास का?

हा विषय ह्या घरात निघणार नाही. मायला यातलं काही सांगू नकोस.

प्रेमराज बिऱ्हाडे


धुळे
५ मार्च २०२४

ती. नानांस,
सविनय जयभीम.

पत्राखाली तुम्ही पूर्ण नाव लिहिलंत, नाना नाही. महिनाभर ती सही बघत होते. आता उत्तर देते. उलट बोलायला तुम्हीच शिकवलंत, तेव्हा ऐकून घ्या.

मेलेलं माझ्या वाट्याला आलेलं नाही. मी ते मागून घेतलं. आजोबांच्या हातात सुरी जन्मानं ठेवली, मला अर्ज करावा लागला, मुलाखत द्यावी लागली, वनखात्याचे उंबरे झिजवावे लागले. आजोबा सोलायचे तेव्हा माणसं नाकाला धोतर लावून लांब उभी राहायची. मी आतडं उघडते तेव्हा बारा विद्यार्थी वाकून बघतात, आणि त्यात गावोगावच्या पाटलांचे नातूही असतात. हेमलता मॅडम सातपुड्याच्या पायथ्याच्या पावरा आदिवासी. रानातलं जनावर कुठल्या पाल्यानं आजारी पडतं हे त्या वडिलांकडून शिकल्या, आणि आज त्याच विद्येचा तास घेतात. त्यांनी ते ज्ञान टाकलं नाही, वर्गात आणलं.

आणखी एक. डिसेंबरात मी घरी आले होते तेव्हा तळ्यावर गोगलगाई गोळा करत हिंडले. तुम्हाला वाटलं, फिरायला गेले. पानासारख्या कृमीची पिल्लं आधी ह्या गोगलगाईत वाढतात, मग काठच्या गवतावरून आणि पाण्यातून ढोरांच्या पोटात जाऊन त्यांचं काळीज, म्हणजे यकृत, खातात. वरच्या दगडी काठावर मला एकही गोगलगाय मिळाली नाही. खालच्या चिखलाच्या काठावर ओंजळभर मिळाल्या. आणि गावातली सगळी ढोरं पाणी पितात वरच्या काठाला. खाली शेंदराचा म्हसोबा आहे, देवाचं पाणी म्हणून तिकडं कुणी ढोर नेत नाही. ढोरं जात नाहीत, माणूस जात नाही, म्हणूनच करकोचेही तिथंच उतरतात.

तुम्ही त्या म्हसोबावर आयुष्यभर भाषणं केलीत, अंधश्रद्धा म्हणून. पण नाना, नेमक्या रोगाच्या काठावरच देव कसा बसला? कुणाला तरी काहीतरी माहीत होतं. कोणाला, ते आजींना विचारा. विषय घरात काढायचा नाही म्हणता, तर म्हसोबाचा काढा.

तुमचीच,
प्रज्ञा


बोरतळे
२२ मार्च २०२४

चि. प्रज्ञा,
जयभीम.

विचारलं. तुला हरवायला विचारलं, हे आधी कबूल करतो.

मला ऐकू येत नाही आणि मायला दिसत नाही, त्यामुळे आमचं बोलणं सगळ्या आळीला ऐकू जातं. मी ओरडून म्हटलं, माय, खालचा म्हसोबा कोणी बसवला? ती म्हणाली, "पाटीलनी." मी म्हटलं, पाटलानं कशासाठी? तर तुझी आजी, अठ्ठ्याऐंशी वर्षांची द्रौपदाबाई, माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, "तुना बापनं नाव घेवाले त्याले लाज वाटे म्हनीसन."

मग तिनं जे सांगितलं ते तसंच लिहितो.

ती नवी नवरी होऊन आली ती सालं. पावसाळा सरला की गावची ढोरं रोडावायची, जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबायची आणि मरायची. सोलायला माझा बाप. त्यानं काळीज उघडलं की आत लिंबाच्या पानासारखे चपटे किडे. दुसरा कुणी असता तर थुंकून पुढं गेला असता. ह्यानं ध्यानात ठेवलं, कोणाचं ढोर, कुठं चरायचं, कुठल्या काठाला पाणी प्यायचं. त्याला लिहिता येत नव्हतं. घरी येऊन तो चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं रेघा ओढायचा, खालच्या काठाचं ढोर डावीकडं, वरच्या काठाचं उजवीकडं. दोन वर्षांनी डावी बाजू भरली आणि उजवीकडं तीनच रेघा होत्या. माय त्या भिंतीला सारवण लावायला गेली की तो तिच्या अंगावर धावायचा.

मग तो पाटलाच्या दारात गेला आणि बाहेरूनच बोलला, ढोरं खाली पाजू नका, त्या पाण्यात काळजाचे किडे आहेत. पाटलानं ऐकून घेतलं आणि त्याला हाकलून दिलं. पाचव्या दिवशी खालच्या काठाला शेंदराचा दगड उभा राहिला आणि दवंडी फिरली, हे देवाचं पाणी, इथं ढोर आणू नये. गावाला वाचायचं होतं, पण माझ्या बापाचं ऐकून वाचायचं नव्हतं. म्हणून दगडाच्या तोंडून ऐकलं.

आता माझं ऐक. माझा बाप एकोणऐंशी साली गेला. शहाऐंशी साली मी माझ्या दोन म्हशी ढोल लावून खालच्या काठाला नेल्या. म्हसोबाला पाठ करून भाषण दिलं, गावाला आव्हान दिलं, वर्षभर म्हशी तिथंच पाजल्या. पुढच्या साली दोन्ही गेल्या. जबड्याखाली पिशव्या. मी म्हटलं, औषध उशिरा मिळालं. गाव म्हणालं, म्हसोबा कोपला. दोघंही चुकलो. मायनं तेव्हा मला अडवलं होतं. मी तिला म्हटलं, हे आता सांगतेस, मग तेव्हा तोंड का मिटलंस? तर म्हणते, "मी सांगाले गयी, त तू माले अंधश्रद्धावर भाषन दिन्हं."

आळीतली माणसं हसली असतील. मला ऐकू आलं नाही.

मग मी सुरीचं विचारलं. खरंच नदीत टाकली होती का, की तेही मीच रचलं. ती म्हणाली, "टाकी ना. सुरी टाकी दिधी त्यानी. डोया थोडाच टाकात." डोळे थोडेच टाकले, म्हणे.

प्रज्ञा, चाळीस वर्षं मी व्यासपीठावरून माझ्या बापाचं एकच काम सांगितलं, त्यानं काय सोडलं. त्यानं काय शोधलं हे मला ठाऊक नव्हतं, कारण त्या कामाची गोष्ट मी घरात निघूच दिली नाही. सत्तर वर्षं गावानं ज्या शहाणपणाला शेंदूर फासून हात जोडले, ते वना बिऱ्हाडेचं शहाणपण होतं. आज माझी छाती इतकी भरली आहे की पत्रात मावत नाही.

तुला लागतं ते सामान पाठव. हातमोजे मोठ्या मापाचे.

नाना

ता. क. आधीच्या पत्राखालची सही खोडून टाक.


धुळे
१० नोव्हेंबर २०२४

ती. नाना,
सविनय जयभीम.

आपल्या आळीतल्या पुनमच्या हाती बर्फाची पेटी पाठवते आहे. आत हातमोजे, तोंडाला बांधायचं, पिशव्या आणि वनखात्याच्या परवानगीची प्रत. मुदत फेब्रुवारीपर्यंतच आहे, पुढं माझी नोंदणीही संपते. हा शेवटचा हिवाळा. अर्थात पक्षी मरावा अशी इच्छा करायची नाही. तारेला चमकत्या चकत्या लावा म्हणून तुम्ही दिलेल्या तीन अर्जांतला एक जरी मंजूर झाला, तरी माझं प्रकरण कोरं राहिलेलं चालेल.

मिळालाच, तर उघड्या हातानं शिवू नका. आधी वनरक्षक बादल पावरांना कळवा. पंचनामा झाल्यावरच उचला. बर्फ भोवती घाला, थेट अंगावर नको. दुपारच्या आत माझ्याकडं पोचला पाहिजे.

सही खोडली नाही. जपून ठेवली आहे. भांडण केल्याशिवाय हे काही मिळालं नसतं.

प्रज्ञा


बोरतळे
१२ जानेवारी २०२५

चि. प्रज्ञा,
जयभीम.

तू परवा धुळ्याच्या स्टँडवर माझ्या हातातून पेटी घेतलीस आणि एक शब्द न बोलता रिक्षात बसलीस. योग्य केलंस. तुझ्याकडं वेळ नव्हता. माझ्याकडं आता भरपूर आहे, म्हणून सकाळची हकिकत लिहितो.

पुन्हा धुकं, पुन्हा तीच तार. अर्ज अजून टेबलावरच आहेत. एक करकोचा पडला होता. मी सहालाच फिरायला गेलो, तेव्हा तो नुकताच पडलेला दिसत होता. मी तिथंच उभा राहिलो, दिपमालाला हाक मारून बादलला फोन करवला आणि पेटी मागवली. कुत्री येत होती, मी काठी आपटत होतो. तेवढ्यात योगराज आला. मला मेलेल्या पाखराशेजारी उभा बघून तो जवळ आला. मग माझ्या कानाशी वाकून म्हणाला, नाना, मागच्या साली मी चुकलो, आज मी उचलतो.

मी म्हटलं, "हात लावू नको. हे उचलायला परवानगी लागते, आणि ती फक्त माझ्याकडं आहे."

त्याला वाटलं मी थट्टा करतो. मी त्याला खिशातला कागद दाखवला, शिक्क्यासकट. त्यानं तो वाचला. मग मी त्याला कामाला लावलं. त्याच्या दुकानात थंड पाण्याच्या बाटल्यांसाठी बर्फ असतो, तो आणायला धाडलं. प्रज्ञा, पाटलाचा नातू आमच्या कामासाठी डोक्यावर बर्फाची पाटी घेऊन चिखलातून आला. मी त्याला लाजवलं नाही. वना बिऱ्हाडेच्या रेघांची सगळी गोष्ट सांगितली. तो म्हसोबाकडं बघत राहिला आणि माझ्या कानाशी म्हणाला, "आमना घरमा हाई कोनीच नही सांगं." म्हटलं, आमच्याही नाही.

बादलनं पंचनामा केला. पंच म्हणून एक सही माझी, एक योगराजची. मी कोट घातला होता, सभेचा. मोजे चढवले आणि पाखरू उचललं. ओढलं नाही, उचललं. मान हाताच्या कोपरात घेतली, लहान मूल घेतात तशी. किती हलकं असतं ते. एवढ्या वजनानं हिमालय ओलांडला.

एरंडोलहून पारोळ्यामार्गे गाडी मिळाली. कंडक्टरनं बोट दाखवून विचारलं पेटीत काय आहे. मी सांगितलं, मंगोलियाचा पाहुणा, धुळ्याच्या कॉलेजात निघाला आहे. त्यानं कागद बघितला आणि पुढची सीट दिली.

यंदा चौदा एप्रिलला भाषण तू करायचंस. मी पहिल्या रांगेत बसतो. ऐकू येणार नाही, तरी बसतो.

काय निघालं ते कळव. माय रोज विचारते.

नाना


धुळे
१६ फेब्रुवारी २०२५

ती. नाना,
सविनय जयभीम.

आजींना सांगा, किडे निघाले. सत्तेचाळीस. सगळे शाबूत, कारण बर्फ वेळेवर मिळाला. योगराजला तेवढं कळवा.

बहुतेक फितीसारखे आहेत, काही वीतभर लांब वाढलेले. पण नऊ अगदी कोवळे, तांदळाच्या कणीएवढे. करकोचे इकडं येऊन तीन महिने होत आले होते, तेव्हा हे कोवळे त्यानं इथंच कुठंतरी किड्यामुंग्यांबरोबर गिळले असणार. म्हणजे तो पोटात नुसता दूरदेश घेऊन येत नाही, परत जाताना आपला चिखलही घेऊन जातो. एका पक्ष्यावर डोंगर रचू नकोस, असं मॅडम म्हणतात, आणि ते बरोबर आहे. पण प्रकरण आता कोरं नाही. प्रबंध काल दिला.

एक गोष्ट मुद्दाम सांगते. कृमी अल्कोहोलच्या छोट्या बाटलीत ठेवतात आणि आत एक चिठ्ठी घालतात, बोटाच्या पेराएवढी. ती पेन्सिलनं लिहायची. शाई अल्कोहोलमध्ये उतरते, पेन्सिल शंभर वर्षंही पुसत नाही. कोणता पक्षी, कुठला, कधी आणि कोणी मिळवला, एवढंच लिहितात. पुढं जगात कुणालाही हा कृमी बघायचा झाला, तर त्याला ती चिठ्ठी आधी वाचावी लागते.

जागा कमी होती. मॅडम म्हणाल्या, मिळवणाऱ्याचं नाव आद्याक्षरांनी लिही. मी नाही म्हटलं. त्यांनी कारण विचारलं, तेव्हा भिंतीवरच्या रेघा सांगितल्या. त्यांनी स्वतःची पेन्सिल घेतली, तिला टोक काढलं आणि भिंगाखाली माझ्याकडून लिहवून घेतलं:

कांड्या करकोचा. खालचा काठ, बोरतळे, ता. एरंडोल. १० जानेवारी २०२५. प्रेमराज वना बिऱ्हाडे.

तुमची,
प्रज्ञा